तीन व्होल्ट गेले कुठे?

४ नोव्हेंबर

भाऊजींना नमस्कार.

आम्ही ठीक. तुम्ही ठीक असाल असं धरते आणि कामाचं लिहिते.

जीपचे दिवे मेलेत. म्हणजे लागतात, पण लागून उपयोग काय? कावीळ झाल्यासारखे पिवळे. इथे धुकं सुरू झालंय. दुपारी चारला वरच्या रस्त्याला बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. सकाळी दवाखान्याच्या नर्सला वरच्या वस्तीवर सोडायचं आणि तिथल्या बायकांना खाली सॉ मिलच्या कामावर आणायचं, संध्याकाळी उलटं. बस फाट्यावरून वळते, वस्तीपर्यंत दुसरी गाडी जात नाही हे तुम्हाला माहीतच आहे.

आता तपासणी ऑफिसातून कागद आलाय. बावीस जानेवारीला दिव्यांची तपासणी. नापास झाले तर वरच्या रस्त्याचं परमिट मिशीवाल्याला. त्याने नवी कोरी गाडी घेतलीय. आत्तापासून मला बघून मिशीला पीळ देतो.

बाजारातला दुकानदार म्हणाला, "ताई, हॅलोजनचा जमाना गेला. हे पांढरे एलईडी बल्ब जुन्या दिव्यातच बसवा आणि विसरून जा." बसवले. धुक्यात पुढे पांढरी चादर वाळत घातल्यासारखं झालं. समोरून बस आली, तिचा ड्रायव्हर थांबला, खाली उतरला आणि आईवरून सुरू झाला. मीही सोडला नाही, पण चूक माझी होती. बल्ब काढून दुकानदाराच्या गल्ल्यावर आपटून आले.

आता काय करायचं ते लिहा. फोन करू नका. फोनवर तुम्ही बोलता ते ठेवल्यावर आठवत नाही. कागद असला की गाडीखाली झोपून वाचता येतो.

तुमची वहिनी

*

१३ नोव्हेंबर

आदरणीय वहिनी,

पत्र मिळाले. बल्ब काढलेत हे उत्तम केलेत. हॅलोजनच्या दिव्यामागची चकचकीत वाटी हॅलोजनच्या तारेसाठीच घडवलेली असते. तार जिथे हवी तिथे दुसरेच काही ठेवले की उजेड फुटतो आणि चहूकडे उडतो. दुकानदार विकायला बसलाय, त्याला त्याचे काय.

पण राग मानू नका, एक विचारतो. तुम्ही डोळे तपासलेत का? दादा याच गाडीने, याच दिव्यांनी इतकी वर्षे त्या रस्त्याला गेले. त्यांनी कधी दिव्यांची तक्रार केली नाही. आपले वय झाले की आपल्याला वाटते दिवा मंद झाला. प्रत्यक्षात मंद भलतेच काही झालेले असते.

आणि खरे सांगू? दादांना जाऊन चार वर्षे झाली. आता ती जीप विकून टाका आणि आमच्याकडे या. हीसुद्धा हेच म्हणते. बाल्कनी मोठी आहे, ऊन छान येते.

आपला,
भाऊजी

*

२१ नोव्हेंबर

भाऊजी,

डोळे तपासले. पत्र वाचून तशीच दवाखान्यात गेले. नर्सने भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला. शेवटची ओळ वाचली. त्याखाली छापखान्याचा पत्ता होता, तोही वाचला. नर्स म्हणाली, तिथे पत्ता आहे हे तिला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. झालं समाधान?

तुमचे दादा तक्रार करत नव्हते. ते कशाचीच तक्रार करत नव्हते. त्यांना चहा कमी गोड लागतो हे मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर दुसऱ्याकडून कळलं. तोवर मी दोन-दोन चमचे टाकत होते आणि हे मुकाट्याने पीत होते. त्यांचा दाखला देऊ नका.

जीप विकणार नाही. बाल्कनीत बसून काय करू? कुंड्यांना पाणी घालू? वरच्या वस्तीत तीन बायकांना दिवस गेलेत, एका म्हाताऱ्याला रोज इंजेक्शन लागतं. मिशीवाला परमिट घेईल आणि धुकं पडलं की घरी झोपेल. नवी गाडी आहे ना, ओरखडा पडेल. मग नर्स काय चालत जाणार?

मी विचारलं होतं दिव्यांचं. उत्तर द्या.

वहिनी

*

३० नोव्हेंबर

आदरणीय वहिनी,

चुकलो. कान पकडतो. आता नीट उत्तर देतो.

एक मीटर मागून घ्या, सॉ मिलच्या वायरमनकडे असेल. इंजिन चालू, दिवे लावलेले. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर किती व्होल्ट येतात ते बघा. मग दिव्याच्या मागे, होल्डरमध्ये पिना बसतात तिथे बघा, पण बल्ब जळत असतानाच. दोन्ही आकडे मला कळवा. आकडा खोटे बोलत नाही.

माणूस मात्र बोलतो. किंवा बोलतच नाही. नर्सबाई बाजारात आल्या होत्या, त्यांनी हिला फोन केला. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला गाडी घासलीत, हे तुमच्या एकाही पत्रात नाही.

आपला,
भाऊजी

*

६ डिसेंबर

भाऊजी,

नर्सच्या तोंडाला कुलूप घालायला हवं.

हो, घासली. ऑक्टोबर संपता संपता. दुपारी चारची वेळ, धुकं, नर्स शेजारी. कठडा दिसला तेव्हा तो दारापाशी आला होता. हातभर इकडे तिकडे झालं असतं तर आम्ही दोघी ओढ्यात. नर्स औषधाची पेटी मांडीवर घट्ट धरून बसली. तेव्हापासून रोज तशीच धरते. ते बघवत नाही मला. लिहिलं नाही कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात, विका.

आकडे घ्या. बॅटरीवर तेरा पॉइंट आठ. दिव्यामागे दहा पॉइंट आठ. वायरमनने दोनदा बघितलं. मी त्याला म्हटलं, तीन व्होल्ट गेले कुठे? तो म्हणाला, "मावशी, वाटेत सांडले." हसला. मी नाही हसले.

सांगा, गेले कुठे?

वहिनी

*

१५ डिसेंबर

आदरणीय वहिनी,

वायरमन बरोबर बोलला. वाटेतच सांडले.

तुमच्या जीपमध्ये दिव्याची सगळी वीज बॅटरीतून निघून आधी डॅशबोर्डच्या बटणात जाते. तिथून उजेड वर-खाली करणाऱ्या अप्पर-डिप्परच्या दांडीत, आणि मग उलटी फिरून पुढे. वायर बारीक, तीस वर्षांची, सांध्यासांध्यात गंज. वीज वाटेतच गरम होऊन संपते. व्होल्ट थोडेच कमी झाले तरी हॅलोजनचा उजेड मात्र निम्म्यावर येतो. दिवा बिचारा उपाशी आहे. तुम्ही त्याला कावीळ ठरवलीत.

यावर उपाय रिले. रिले म्हणजे आपली आई. ती पलंगावरून नुसती हाक मारायची, पाणी आपण तापवायचो. तसे बटणाने फक्त हाक मारायची. खरी वीज बॅटरीतून जाड वायरने थेट दिव्यात.

पार्सल वेगळे पाठवतो आहे. त्यात तयार हार्नेस आहे, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा. दोन रिले, दोन फ्यूज. स्वच्छ काचेचे नवे दोन दिवे, साधेच हॅलोजन बल्ब. जादा वॉटचे आणू नका, होल्डर वितळतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. जुन्या एका दिव्याचा प्लग हार्नेसच्या तोंडात बसवा, हाक तिथून येईल. अर्थची वायर, म्हणजे वीज पत्र्यात परत नेणारी, जिथे आवळाल तिथला रंग खरवडून काढा.

वायरींना गाठी मारल्या आहेत. एक गाठ डिप्पर, दोन गाठी अप्पर, तीन गाठी अर्थ. हाताने चाचपून जोडा, रंगांकडे बघू नका.

आपला,
भाऊजी

*

२४ डिसेंबर

भाऊजी,

पार्सल उघडलं आणि आधी डोक्यात तिडीक गेली. गाठी! मी तिसरीपर्यंत शिकले, मान्य. पण लाल-निळं मला आईच्या पोटातून बाहेर आल्यापासून कळतं. दिराने मला ढ समजून वायरींना गाठी मारल्या, असं म्हणत तासभर भांडी आपटली.

मग गाडीखाली गेले. डाव्या दिव्याची एका गाठीची वायर निळी. उजव्या दिव्याची एका गाठीची वायर हिरवी. अर्थ एकीकडे काळी, एकीकडे गडद निळी. रंगावर गेले असते तर एक दिवा वर आणि एक खाली लागला असता. गाठींवर गेले, सगळं बरोबर लागलं.

पाठीवर पडल्या पडल्या हात थांबला माझा. तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणारा माणूस रंग चुकवेल? मग तुमची आधीची पत्रं आणून बघितली. नोव्हेंबरात ओळी सरळ होत्या. डिसेंबरात एकमेकींच्या अंगावर चढल्यात.

या गाठी तुम्ही माझ्यासाठी मारल्या नाहीत. स्वतःसाठी मारल्यात. भाऊजी, डोळे कोणाचे तपासायचे होते?

आता दिव्यांचं. दिव्यामागे तेरा पॉइंट तीन आले. बटण दाबलं आणि समोरच्या घराच्या भिंतीवर दिवस उगवला. शेजारीण खिडकीतून ओरडली, "मेली का काय बाई, वीज पडली!" पण रस्त्यावर काढली तर उजेड झाडांच्या शेंड्यात. घुबडं बघायची असती तर ठीक होतं. रस्ता तसाच काळोखा, आणि तोच बसवाला तोच पाढा म्हणून गेला. भिंतीवर खूण करून लावले होते हो मी, दिव्याच्या उंचीवर, बरोब्बर. तरी असं का? महिना राहिला नाही.

डोळ्यांचं आधी लिहा. मग दिव्यांचं.

वहिनी

*

२ जानेवारी

ताईंना नमस्कार.

हे पत्र मी लिहिते आहे, तुमची धाकटी जाऊ. कारण सांगते. हल्ली तुमची पत्रं मीच यांना मोठ्याने वाचून दाखवते. मला म्हणाले होते, चष्मा हरवलाय. "डोळे कोणाचे तपासायचे होते" इथपर्यंत वाचलं आणि मी थांबले. हे भिंतीकडे तोंड करून बसले. ताई, वर्षभर माणूस अंदाजाने वायरी जोडत होता. गिऱ्हाईक जाईल म्हणून मला नाही, कुणालाच नाही सांगितलं. मी इतकी बोलले की खालच्या मजल्यावरचे वर आले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिल्याचं ऑपरेशन नऊ तारखेला. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही. तुम्हीही करू नका.

आता हे सांगतात तसं लिहिते.

"वहिनी, तुमचं अंगण उताराचं आहे. गाडी उतारावर नाक खाली करून उभी, भिंत खाली सपाटीला. म्हणजे भिंतीवरची खूण गाठायला तुम्ही दिवे वर उचललेत. सपाट रस्त्यावर ते आभाळात जाणारच. शिवाय लावताना गाडी रिकामी होती. मागे माणसं बसली की मागचा भाग बसतो, नाक आणखी वर. गाडी सपाट जमिनीवर लावा. भिंत पंचवीस फुटांवर. रोजचं वजन मागे ठेवा. दिव्याच्या मधल्या उंचीवर भिंतीवर रेघ मारा, आणि डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दोन-तीन बोटं खाली आणा. दिव्याच्या कडेला दोन स्क्रू आहेत. अर्धा-अर्धा आटा फिरवा, घाई करू नका."

'घाई करू नका' हे दोनदा लिही म्हणाले. घाई करू नका.

तुमची धाकटी जाऊ

*

११ जानेवारी

दोघांना,

ऑपरेशन झालं असेल. पट्टीला हात लावू नका भाऊजी. जाऊबाई, हात लावला तर हातावर मारा. माझ्यातर्फे.

सपाट जमीन! तुम्ही शहरात बसून सहज सांगता. इथे सपाट जमीन कुणाकडे आहे? दवाखाना उतारावर, बाजार उतारावर, माझी खाटसुद्धा एका बाजूला वीट लावून उभी. दोन दिवस गाडी घेऊन फिरले. शेवटी सॉ मिलच्या मिस्त्रीकडे गेले. त्याच्या शेडमधली फरशी सपाट, कारण करवतीचं टेबल सपाट लागतं, नाहीतर फळी वाकडी कापली जाते. मिस्त्री म्हणाला, "जीप आत आणायची? भुशात?" मी म्हटलं, झाडून देते. झाडून दिलं. तो सपाटी बघायची पाण्याची नळी घेऊन आला आणि तिच्यातला बुडबुडा बघून म्हणाला, "मावशी, केसाचाही फरक नाही."

मग रोजचं वजन. पुढे माझ्या जागी नर्सला बसवलं, पेटीसकट. मिलमधल्या चार बायका मागे बसवल्या. सहाव्या जागी बसते ती आजारी होती, तिच्याऐवजी सागाचा ओंडका ठेवला. त्यावरून मागे भांडण, "ओंडका हिच्यापेक्षा हलका आहे", "तूच ओंडका". मी ओरडले, हलू नका, गाडी हलतेय! सगळ्या फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ. गाडी जागची हलणार नव्हती, तरी नर्सने पेटी धरलीच.

फळ्यांच्या भिंतीवर खडूने रेघ मारली. मिस्त्रीने दारं लावून अंधार केला. अर्धा आटा डावीकडे, अर्धा उजवीकडे. घाई केली नाही. दोन्ही दिव्यांची कड एका रेषेत आली तेव्हा मागच्या बायका ओंडक्यावरून वाकून बघायला लागल्या.

बावीस तारखेनंतर लिहीन.

वहिनी

*

१७ जानेवारी

वहिनी,

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. उजवा डोळा उघडला. पहिली गोष्ट बघितली ती हिचा चेहरा. दुसरी, तुमचे पत्र. तुमचे अक्षर इतके भयंकर आहे हे मला आजवर माहीत नव्हते.

दुकानात गेलो. निळी वायर निळी दिसते. तासभर नुसती वायरींची रिळे बघत बसलो.

बावीसला काय होईल ते होवो, असे म्हणणार होतो. पण तसे वाटत नाही. पास होऊन या.

भाऊजी

*

२४ जानेवारी

भाऊजी आणि जाऊबाई,

सविस्तर लिहिते. मध्ये मध्ये थांबावं लागतंय, का ते शेवटी.

बावीसला सकाळी तपासणीच्या शेडमध्ये गेले. पाच गाड्या पुढे. माझ्या मागे मिशीवाला, नवी गाडी पुसून पुसून काच झालेली. माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, परमिटचा कागद आणलात ना? इथेच माझ्या हातात द्या, खेप वाचेल." मी कागद पिशवीत आणखी खाली सारला.

साहेबाने चाकांवरचं यंत्र माझ्या गाडीपुढे आणून ठेवलं. त्यात पांढरी पाटी असते, पाटीवर उजेड कुठे पडतो ते तो वाकून बघतो. बघितलं. परत बघितलं. मग म्हणाला, "उजेड चांगला आहे. कड स्वच्छ आहे. पण पाहिजे त्याहून खाली आहे."

मागून मिशीवाला हसला.

मी म्हटलं, साहेब, गाडी रिकामी आहे.

"मग?"

"ही गाडी रिकामी कधी चालत नाही. मी माणसं नेते. मागे माणसं बसवा आणि मग बघा."

तो म्हणाला, "बाई, असा नियम नाही. खाली असले तरी हद्दीत आहेत, पास होतात."

मी म्हटलं, पास होतात ते झालंच. पण तुम्ही 'खाली आहे' म्हणालात. ते मला चालणार नाही. बसवा माणसं.

साहेबाने दोन कारकून, शिपाई आणि फाटकावरचा जाडजूड रखवालदार यांना हाक मारली. रखवालदार चढला तेव्हा गाडी कण्हली. साहेब वाकला. कड हळूहळू वर सरकली आणि पाटीवरच्या रेघेला येऊन चिकटली. साहेबाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे काम कुणी केलं?"

"मी."

तो गाडीखाली डोकावला, आणखी कुणी झोपलंय का बघायला. मी म्हटलं, खाली कुणी नाही. हार्नेस दिराने केला, जोडला मी, दिवे लावले मी. त्याने बॉनेट उघडायला लावलं. रिले, फ्यूज, अर्थचा खरवडलेला पत्रा, सगळं बघितलं. मग शिक्का मारला. वरचा रस्ता तीन वर्षं माझा.

आता मिशीवाल्याचं ऐका. मी बाहेर जात होते आणि आत त्याचे दिवे लागले. अख्खी शेड पांढरी! साहेबाने डोळ्यांवर हात धरला. मिशीवाल्याने त्याच दुकानदाराकडून तेच एलईडी बल्ब आपल्या नव्या गाडीत घातले होते. तेच, भाऊजी! माझ्याकडून परत घेतलेलीच जोडी असेल तर देव जाणे. त्याचे मूळचे चांगले दिवे त्याने स्वतःच्या हाताने बिघडवले. साहेबाने त्याच्या कागदावर लाल फुली मारली. मिशी तिथल्या तिथे खाली आली.

त्याच दुपारी चारला नर्सला आणायला वर गेले. धुकं असं दाट की सुरीने कापावं. पण रस्ता दिसत होता. कडेचा प्रत्येक दगड, मोरीचा कठडा, मी घासला होता तो ओरखडासुद्धा. उजेड धुक्याच्या खालून जात होता, कुठे चादर नाही. समोरून बस आली. ड्रायव्हर थांबला, उतरला. मी बाह्या सरसावल्या. तो म्हणाला, "मावशी, दिवे कुठून आणले?"

परत येताना नर्सशी बोलत होते, ती उत्तर देईना. बघते तर झोपली होती. पेटी पायाशी, डोकं दाराला टेकलेलं. मी गाडी चालवते त्या चार वर्षांत त्या रस्त्याला ती कधी झोपली नाही. मी गाडी इतकी हळू नेली की मोरीवर एक कुत्रा आम्हाला मागे टाकून गेला.

म्हणून दुसरा डोळा लवकर करून घ्या. सहा हार्नेस लागतील. बसवाल्याला दोन, सॉ मिलच्या ट्रकला एक, बाजारातल्या दोन जुन्या जीपना, आणि एक जास्तीचा, कारण अजून कुणी येईलच. जोडायचं काम माझं. मिस्त्री शनिवारी शेड देतो म्हणालाय.

मिशीवाल्याला हार्नेस नको. त्याला अक्कल पाहिजे, ती पार्सलने येत नाही. तरी आज सकाळी सातपासून माझ्या दारात उभा आहे, मूळचे बल्ब रुमालात गुंडाळून. म्हणतो, काकू, जरा लावून द्या. तीनदा हाक मारून झाली, आता हॉर्न वाजवतोय.

वाजवू दे. पत्र पुरं करते, मग जाते.

तुमची वहिनी